अन्सेल्मोचं हसू

रोसारिओ, ४ मे १९८५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले चिपा पाव पोचले, आणि मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्तही केले. तू चीज सढळ हाताने घालतेस, असं त्यांचं मत पडलं.

यंदा मला एका युद्धविरोधी कादंबरीवर प्रबंध लिहायचा आहे. उपहासाची कादंबरी आहे. गारठलेलं बेट, सैनिकांच्या पायांत बूट नाहीत, आणि कर्नलचा हुकूम येतो की उद्या बुटांना पॉलिश हवं. पोरं पायांनाच काजळी फासतात. कर्नल पाहणी करून म्हणतो, चकाकी उत्तम! वर्गात हशा पिकला. मीही हसले, आई. मग मालविनास बेटांवर लढायला गेलेला आपला दादा आठवला आणि तास संपेपर्यंत मान वर करता आली नाही.

शाळेला त्याचं नाव द्यायच्या समारंभाला परीक्षेमुळे मी येऊ शकत नाही. जीव तिकडेच आहे.

तुझी लाडाची,
नेलिदा

पासो ओन्दो, १५ मे

चि. नेलिदास, अ. आ.

हसायला काय सापडलं गं तुम्हाला? माझ्या पोराचे पाय त्या चिखलात सडले, तीन वर्षं झाली मी तिकडे बेटावरच्या त्याच्या कबरीवर एक फूल ठेवू शकले नाही, आणि तुम्ही वर्गात बसून दात काढता?

महापौरांच्या कचेरीतून माझं भाषण लिहून आलंय. त्यात अन्सेल्मोने ‘हसतमुखाने प्राण अर्पण केले’ असं आहे. वाचताना जीभ अडखळते, पण निदान त्यात त्याचा मान तरी आहे.

थंडी पडली आहे. गरम कपडे घाल. रागावले तरी आईच आहे.

रोसारिओ, २३ मे

ती. आईस, शि. सा. न.

हसू पोरांवर नाही गं, हुकमावर आहे. लेखक तोच हुकूम पुन्हा पुन्हा आणतो. आधी आपण खळखळून हसतो, मग जरा कमी. शेवटी हुकूम येतो तेव्हा पॉलिश करायला पायच उरलेले नसतात, आणि तरी कर्नल आपला चकाकीचंच बोलतो. तिथे हसू घशात अडकतं. आधी हसवलं नसतं, तर ते इतकं लागलं नसतं. मेलेल्या पोराला तो कर्नल ‘गैरहजर’ म्हणतो. तुझ्या भाषणातलं ‘हसतमुखाने’ मला त्याच दौतीतलं वाटतं.

पुस्तक पाठवते. नाही पटलं तर चुलीत घाल, पण माझ्यावरची माया तेवढी जाळू नकोस.

नेलिदा

पासो ओन्दो, १६ जून

चि. नेलिदास, अ. आ.

चुलीत नाही घातलं. वाचलं. तो ‘गैरहजर’ सैनिक मेला असं कुठेच लिहिलेलं नाही. नुसती हजेरी घेतात आणि त्याच्या नावावर कुणी ओ देत नाही. काही वाचायचं राहिलं का, म्हणून मी दोनदा पान मागे उलटलं.

परवा व्यासपीठावर भाषणाचा कागद उघडलाच नाही. मी सांगितलं, माझा अन्सेल्मो बेडकांना भ्यायचा. खुराड्यात कोंबड्यांपुढे पाद्रीबाबांची नक्कल करायचा, त्यांना प्रसाद भरवायचा. सगळ्यांत आधी पाद्रीबाबाच हसले. मग म्हटलं, त्याला मरायचं नव्हतं. त्याला घरी यायचं होतं. महापौरांनी घाईघाईने बँड सुरू करायला लावला.

नंतर एक लंगडा तरुण जवळ आला. रुफिनो त्याचं नाव, दादाच्याच तुकडीतला. मी त्याला घरी आणून जेवू घातलं. तो म्हणाला, मावशी, तिथे दोन-दोन दिवस पोटात काही नसायचं. मग अन्सेल्मो खंदकात उभा राहून एका बाईच्या आवाजात आम्हाला जेवायला बोलवायचा आणि आम्ही हसून हसून लोळायचो. मी म्हटलं, करून दाखव ना. तो लाजला. मग त्याने मान वर करून हाक मारली: “अन्सेल्मोऽऽ, येतोस का आता, की कुत्र्याला घालू?”

नेलिदा, तो माझा आवाज होता गं. माझाच, शेवटी चिरकतो तो.

रुफिनो घाबरला, चुकलं का म्हणाला. मी म्हटलं, नाही रे बाळा, परत एकदा हाक मार. त्याने मारली. आणि मी वेडी, दाराकडे बघत बसले.

परीक्षा झाली की लगेच ये. मोठ्याने हाक मारीन.

तुझी आई,
एउलालिया