बोटीवरची हळद

वेलिंग्टन,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नितीशदादा,
सप्रेम नमस्कार.

इथे सगळं ठीक. तू चिपळूणला नीट पोचलास हे मावशीकडून कळलं. वारा नेहमीसारखाच पिसाळलाय, काल माझी दुसरी छत्री गेली. तू लावलेली टोमॅटोची रोपं जगलीत.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून पत्र. तीनदा लिहून फाडलं. दरवेळी गाडी टोमॅटोच्या पुढे जाईना.

संग्रहालयात शाळेची मुलं येतात, चिनी खलाशांची होकायंत्रं बघतात, मिस्टर लाउंच्या पहिल्या मालवाहू जहाजाच्या फोटोसमोर जांभया देतात. भंगारात निघालेल्या एका जहाजावर अख्खी कंपनी आणि पुढे हे संग्रहालय उभं करणारा तो नव्वदीचा म्हातारा अजूनही दर गुरुवारी काठी टेकत येतो आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवलेल्या त्या लाकडी बोटीपुढे मान झुकवतो. पूर्वी तू शेजारी असायचास. आता कोणी नसतं.

दादा, ती हळद होती. तुला काय सांगायचं म्हणा, तू बघताक्षणी ओळखलीस.

खंडेनवमीला तू साफसफाईसाठी बोटीवरची काच काढलीस आणि जेवायला गेलास. मी तिकिटाच्या मशीनला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत होते. मग वाटलं, आपल्या दोघांचं पोट या बोटीवर चालतं, तिलाच कसं वगळायचं? टोकाला जरासं लावलं. जुनं कोरडं लाकूड, ओली हळद लगेच आत मुरली. घाबरून टिश्यूने पुसायला गेले, तर डाग वीतभर पसरला. कशीबशी काच बसवली आणि काउंटरवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, मिस्टर लाउंनी मान झुकवली आणि त्यांना डाग दिसला. मॅनेजरबाई म्हणाल्या, "कुणीतरी इथे उभं राहून करी खाल्लीय." तू डागाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालास, "सॉरी, माझ्याच डब्यातली सांडली."

त्या दिवशी तुझा डबा मीच भरला होता. त्यात दहीभात होता.

मी तोंड उघडलं नाही. माझा रेसिडेन्सीचा अर्ज चालू होता, आणि एअरपोर्टवर तू माझ्या आईला मला सांभाळायचा शब्द दिला होतास. पण तुझाही व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला होता, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? तुला कामावरून काढलं आणि तीन आठवड्यांत तू गावी गेलास. मावशी फोनवर म्हणाली, "लहानपणापासून वेंधळाच तो," आणि मी म्हणाले, "हो ना." लाज वाटते रे. जेवताना, बसमध्ये, कुठेही ते 'हो ना' ऐकू येतं.

गुरुवारी मिस्टर लाउंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नवी बोट पाण्यात सोडताना माझी आई पुढे लाल कापड बांधायची. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुझे आभार मानले असते. मी एका निर्दोष माणसाला घालवलं." आणि ते रडायला लागले.

त्यांनी तुला परत बोलावलंय. पत्र सोबत जोडलंय, महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. माझा लेखी जबाब मी दिलाय. माझी नोकरी गेली, इमिग्रेशनलाही कळवून झालंय. तू आलास काय, न आलास काय, माझं इथलं आता संपलंच. तेव्हा माझ्याकडे बघून नाही म्हणू नकोस. मला माफ नको करूस, पण ये. हात जोडते.

तुला मी ओळखते. हे पत्र हाती पडलं की तू वाचशील, फाडशील आणि मावशीला सांगशील, "काही नाही गं, सुरुचीने खुशाली कळवलीय." म्हणून पाकिटावर तुझं नाव घातलेलंच नाही. मावशीचं घातलंय.

मावशी, वाचलंस ना? आता हे त्याच्या हातात दे.

तुम्हा दोघांची अपराधी,
सुरुची