बाबांची गाणी मी स्वच्छ केली

मुक्काम अकोला (तुमच्याच घराचा ओटा), सोमवार सकाळ

आदरणीय धम्मदीप मामांस,
भाची ज्योत्स्नाचा सविनय जय भीम.

गाण्यात गाणं किती असतं आणि बाकीचं किती, हा प्रश्न मला सुटलेला नाही. घरातल्या पहिल्या बी.एस्सी. मुलीनं असं कबूल करणं बरं दिसत नाही, पण तुमच्यापुढं काय लपवायचं. तुमचा गुडघा कसा आहे? (काल पाहिलाच, तरी पद्धत म्हणून विचारते.) तुमच्याच घरी राहून तुम्हालाच पत्र लिहिते याचा राग मानू नका. हे तोंडानं सांगवत नाही, आणि फोनवर सांगावं तर आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. बाबांच्या कानावर हे जायला नको.

घशाच्या ऑपरेशनपासून बाबा फक्त कुजबुजतात, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी विहारातली वंदना झाली की गायन पार्टीचे जुने लोक आमच्याकडे येतात आणि तुम्ही कॅसेटवरून उतरवून आणलेली बाबांची गाणी माझ्या कॉम्प्युटरवर ऐकतात. बाबांचा कार्यक्रम आता एवढाच उरला आहे. (तुमची ढोलकी काही ठिकाणी बाबांपेक्षा जास्त ऐकू येते. तक्रार नाही.) तर कॉम्प्युटरमधल्या मूळच्या प्लेअरनं सगळ्या गाण्यांपुढं 'अनोळखी कलाकार' असं लिहिलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कुजबुजले, "मी अनोळखी? भातकुली गावात इचार जाऊन." त्या दिवशी ते अर्धीच पोळी जेवले. तो प्लेअर मी काढून टाकला.

दुसरा प्लेअर इंटरनेटवरून गायकाचा फोटो आपणच शोधून लावायचा. त्यानं बाबांच्या प्रबोधनाच्या गीतांवर एक उघडा, लांब केसांचा, गिटारवाला परदेशी माणूस लावला. आईनं बराच वेळ पाहून बाबांना विचारलं, "हा कोन होय? तुमच्या जागी याले काहून बसवलं?" आणि मग बाबांच्या टकलाकडं पाहत म्हणाली, "केसं मात्र चांगले हायेत." तोही गेला. तिसऱ्यानं गाण्यांचा क्रम स्वतःच्या मनानं लावला. (बटण माझ्याच हातून दाबलं गेलं होतं, हे मागाहून कळलं.) सुरुवातच निरोपाच्या गीतानं झाली. तीस वर्षं पार्टीची शिस्त पाळलेली माणसं ती. निरोपाचं गीत लागताच नऊच्या नऊ जण उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत पोहे खाल्ले.

चौथा प्लेअर मात्र गुणी निघाला. फुकट, साधा, जाहिराती नाहीत, सांगितलं तेवढंच वाजवणारा. तिथंच थांबायला हवं होतं. पण शिकलेला माणूस थांबत नाही. (मला डिग्री मिळाल्यापासून आमच्या घरातली एकही वस्तू सुधारल्यावाचून राहिलेली नाही.) मला वाटलं, ही गाणी पुढच्या पिढीकडं शुद्ध स्वरूपात गेली पाहिजेत. म्हणून आठ दिवस बसून मी त्यातलं माइकचं हॅलो हॅलो कापलं, खोकला कापला, आणि बाबा मध्येच गाणं थांबवून "रिद्धपूरचे देवीदासभाऊ आले हायेत, त्यायची फर्माईश हाये" असं जे ज्याचं त्याचं नाव घ्यायचे, तेही कापलं. जागा वाचावी म्हणून मूळ फायलींवरच सेव्ह केलं. बावन्न गाणी, कुठंही अडथळा नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्यानंतरच्या रविवारी देवीदास काका नेहमीसारखे पुढं बसले. दुसरा अंतरा संपला तसा त्यांनी शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला. नाव आलं नाही. गाणं पुढं गेलं, हात तसाच राहिला. शेवटी ते माझ्याकडं वळले, "काहून वो ज्योत्स्ना, माहं नाव काटलं काय? मी मेलो नाही अजून." मी म्हटलं, काका, आता क्वालिटी चांगली झाली आहे. "क्वालिटी तुह्यापाशी ठेव," ते म्हणाले. सगळे हसले, बाबा हसले नाहीत. उठून मागच्या मोगऱ्याला पाणी घालायला गेले. (त्याला आईनं सकाळीच घातलं होतं.) त्यानंतर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले नाहीत. आई मेथी निवडता निवडता मला एवढंच म्हणाली, "गानं तं पार्टीतले समदेच गात होते. बोलत ते एकलेच होते."

मामा, बाबांचा बोलण्याचा आवाज घरात दुसरीकडं कुठंच नव्हता, आणि मी तो कचरा समजून काढून टाकला. मूळ कॅसेटींचं म्हणाल, तर पाखरं बसू नयेत म्हणून त्यांची फीत गेल्या साली आईनं ज्वारीभोवती बांधली. तो सल्ला तुमचाच होता.

मामींना जय भीम, छोट्या खुशीला माझ्या वाट्याचा पापड. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची भाची,
ज्योत्स्ना (बी.एस्सी. हे तूर्त लिहीत नाही)

ता. क. १ : मूळ गाणी आता फक्त तुमच्या बैठकीतल्या स्पीकरच्या मेमरी कार्डात आहेत. ते तुम्ही कोणालाही देत नाही. दिवाळीत आईनं मागितलं, तर तुम्ही तिला ढोलकी देऊ केली, कार्ड नाही. तरी आठ दिवसांसाठी द्याल का, ही विनंती.

ता. क. २ : 'जुनं कार्ड पुसून टाका, मी शुद्ध गाणी पाठवते,' असा मेसेज मी तुम्हाला महिन्यापूर्वी पाठवला होता. तुम्ही माझे मेसेज वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार मी मागे घेते. तो मेसेज यापुढंही वाचू नका.

ता. क. ३ : वरच्या विनंतीचा फार विचार करू नका. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी कार्ड लावून पाहिलं. देवीदास काकांचं नाव आहे, खोकलाही आहे. पंचशीलातलं दुसरं शील (न दिलेलं घेऊ नये) मोडलं, हे मला मान्य आहे. तुम्ही ओळीखाली बोट ठेवून वाचता, म्हणून पत्र लांबवलं. प्लेअरची एवढी माहिती खरं तर लागत नव्हती. तुमच्या स्पीकरमध्ये मी माझ्या शुद्ध गाण्यांचं दुसरं कार्ड घालून ठेवलं आहे, त्यात ढोलकीला कुठंही हात लावलेला नाही. रविवारी हात वर करायला या, असा निरोप देवीदास काकांना दिला आहे. तुमचं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे, आणि तुम्ही इथवर वाचेपर्यंत पर्स अमरावतीच्या गाडीत.