चारही कोपरे दिसले पाहिजेत

मापुमाई, आतिउ बेट
१४ ऑगस्ट

अकाइती वन्सं यांना,

त्या सकाळी मी कोंबड्यांना खोबऱ्याचा चोथा टाकला, डुकराला तारोच्या साली दिल्या, अंगण झाडलं, तामातोआच्या कबरीवरची पानं वेचली आणि पेटीतल्या चादरी उन्हात घालायला दोरी बांधत होते, तेवढ्यात फोन वाजला. पत्र असं मधूनच सुरू केलं, रागावू नका. नीट सुरुवात करायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा तुमची तब्येत विचारण्यातच कागद संपवला.

तर आधी तेच. गुडघा कसा आहे? तुमच्या तोकोरोआत यंदा थंडी फार आहे असं शेजारच्या मेरेआनाला तिच्या मुलीने कळवलं. इथे सगळं ठीक. पपया भरपूर लागल्यात, खायला माणसं नाहीत.

फोनवर त्या ऑनलाइन बाजाराचं पत्र आलं होतं. आमच्या बायकांच्या मंडळाचं दुकान मी तिथे चालवते, एवढं तुम्हाला माहीत आहे. तिवाइवाई ही द्यायची चादर. लग्नात द्यायची, परदेशी निघालेल्याला द्यायची, गेलेल्याच्या अंगावर घालायची. ती आम्ही विकायला काढतोय म्हटल्यावर तुम्ही फोनवर विषय बदलला होतात. मला ते कळलं होतं. पण मंडळात आता आम्ही सहा म्हाताऱ्या उरलोय आणि सगळ्यांची मुलं तुमच्या बाजूला. मेरेआना म्हणाली होती, "मला पुरताना तीन पुरेत. बाकीच्या नऊ काय मी उंदरांसाठी शिवल्या?"

त्या बाजाराचे नियम मी सगळे वाचले. शाळा लवकर सुटली, इंग्रजी मी बायबल आणि डब्यांवरचे कागद वाचून शिकले. म्हणून हळू वाचते, पण सोडत काही नाही. नावात किती अक्षरं असावीत, कापड कोणतं ते कसं लिहावं, असं पानामागून पान. 'कोणी बनवलं' याच्यापुढे एकाच नावाला जागा होती. मूळ नक्षी तुमच्या आईंनी कापलेली, टाके सहा जणींचे. मी माझं नाव लिहिलं. मला ते तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

फोटोचा नियम सगळ्यांत कडक. चादर सपाट हवी, फोटो बरोबर वरून हवा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, माणूस दिसता कामा नये. मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही मंडळाच्या खोलीत फरशीवर चादर अंथरली आणि मी शिडीवर चढले. दर फोटोत मेरेआनाचा पाय.

"अगं, अंगठा विकायला काढलायस का?" मी वरून म्हटलं.

"घेत असेल कोणी तर दे. नखासकट दे," ती म्हणाली. "आणि तू जरा धरून उभी राहा. पडलीस तर तुलाच सपाट अंथरावं लागेल."

बायका इतक्या हसल्या की शिडी हलायला लागली. तामातोआ दारात बसला होता. म्हणाला, "सहा जणी मिळून एक फोटो. उद्या मासे धरायला चला माझ्याबरोबर, एक मासा तरी नक्की मिळेल."

ती चादर एप्रिलमध्ये विकली गेली. मे महिन्यात तामातोआ गेला. भावाला शेवटचं बघायला तुम्ही राराटोंगापर्यंत आलात आणि वाऱ्यामुळे पुढचं विमान दोन दिवस निघालं नाही. आम्हाला इथे त्याला पुरायचं तेवढं थांबवता आलं नाही. त्याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत, तेही मला माहीत आहे.

वर्षभर मी त्या दुकानाकडे बघितलं नाही. विकलेली वस्तू पानावरून उतरते, नवी मांडली की तिची तारीख नवी. यंदा जूनमध्ये मी त्याच नक्षीची पुढची चादर मांडली. आणि एक ऑगस्टला, दोरी बांधताना, हे पत्र. तुमची नक्षी दुसऱ्याची नक्कल आहे, मूळ मालकाने तक्रार केली आहे.

मालक म्हणजे कुठलीशी कंपनी, तिचं नाव मला उच्चारता येत नाही. त्यांचं दुकान उघडून बघितलं. आईंची पपईची पानं, कृत्रिम कापडावर छापलेली, सोबत उशीचे अभ्रे. गेल्या ऑक्टोबरपासून विकतायत. ती आमच्याच फोटोवरून उचलली आहे, वन्सं. पानाच्या उजव्या बाजूला ती खाच आहे ना? घड्या घातलेल्या कापडावर आई कात्री चालवत होत्या आणि सात वर्षांच्या तुम्ही धावत येऊन त्यांच्या कोपराला धडकलात. कापड उलगडलं तर खाच आठ ठिकाणी. आई ही गोष्ट सांगताना दर वेळी तुमचा कान धरल्यासारखं करायच्या. पुढच्या दोन्ही चादरींत आम्ही ती तशीच ठेवली. त्या छापील चादरीवर आठही खाचा आहेत. सपाट, बरोबर वरून, चारही कोपऱ्यांसकट मीच त्यांना काढून दिल्या.

पत्रात पुढे होतं की बारा दिवसांत पुरावा द्या. ऑक्टोबरच्या आधीचा फोटो, नक्षी दिसेल असा, काटछाट न केलेला. नाहीतर दुकान बंद आणि नक्षी त्यांची.

मी लिहिलं, माझा मार्चचा फोटो तुमच्याकडेच असेल, बघा. उत्तर आलं, आपल्या संयमाबद्दल आभार. खाचेची गोष्ट सगळी लिहिली. तेच उत्तर. चादर विकत घेतलेल्या बाईकडे फोटो मागितला, तो आलाच नाही. माझ्या फोनमध्ये जागा नसते म्हणून जुने फोटो मी पुसत असते. आणि खाटेवरच्या चादरीचा फोटो पूर्वी कोण काढायचं? आईंची पहिली चादर, जिच्या कोपऱ्यात त्यांनी १९७४ असं टाक्यांनी लिहिलं, ती कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. ती तामातोआच्या अंगावर आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलांवर, सिमेंटखाली.

मंडळाच्या खोलीत मेरेआनाला हे सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "त्यांना लिही, इकडे येऊन बघा. जेवायला आम्ही घालू. फावडं तुमचं तुम्ही आणा."

कोणी हसलं नाही.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं आणि पुढे हात चालेना. आता लिहिते.

एक फोटो होता. तुम्ही राराटोंगाच्या विमानतळावर अडकला होतात म्हणून मंडळातल्या नोरोआने माझ्या फोनवर काढलेला, शवपेटी बंद करण्याआधी. तुम्ही म्हणाला होतात, मला एकदा त्याला बघू दे, फक्त मला पाठव, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. मी तुम्हाला पाठवला आणि कोणाला दाखवला नाही. पण पुसलाही नाही. त्यात चादर छातीपर्यंत आहे, पानं दिसतात, पायाशी १९७४ स्पष्ट दिसतं. आणि वर त्याचा चेहरा.

चेहऱ्यावर बोट ठेवून बघितलं. कापून बघितला. पण कापलेला चालणार नव्हता.

मी लिहिणार होते की पाच बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी केलं. ते खोटं ठरलं असतं. कोणी काही म्हटलं नव्हतं. आईंची नक्षी आईंची नाही हे मला सोसेना. बुधवारी, बाराव्या दिवशी, मी तो पाठवला.

चार मिनिटांत उत्तर आलं. एवढ्यात कोणी माणूस बघत नाही. या चित्रात मृतदेह आहे, असं चित्र पाठवणं नियमाविरुद्ध आहे, दुकान कायमचं बंद करण्यात येत आहे. चादरीबद्दल एक शब्द नव्हता. मी लिहिलं, दुकानाचं राहू द्या, निदान तो फोटो पुसून टाका, तो माझा नवरा आहे. उत्तर आलं की नियम मोडणारी चित्रं त्यांच्याकडे नोंद म्हणून राहतात. मी पुन्हा लिहिलं. संध्याकाळपर्यंत लिहीत राहिले. मग ते लिहायचं पानच उघडेना.

म्हणजे तुमचा भाऊ आता तिथे आहे, वन्सं. कुठे, ते मला माहीत नाही. किती दिवस ठेवतील, कोण बघेल, विचारायचं कोणाला, काही माहीत नाही. नियम मी पुन्हा काढून वाचले. मेलेल्या माणसाचा नियम होता. तो शस्त्रं आणि रक्त यांच्या खाली होता आणि मला वाटलं होतं, हा आपल्यासाठी नाही.

आधी मला का विचारलं नाहीस, असं तुम्ही म्हणाल. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, मागाहून सुचलेलं नाही. तुम्ही फोन केला नाहीत तरी मी समजेन. केलात तर उचलीन आणि जे म्हणाल ते ऐकीन.

गुरुवारी मी आंघोळ करून चर्चला जायचा झगा घातला आणि विकायला ठेवलेल्या चादरी पाच घरी परत नेऊन दिल्या. दुकान बंद झालं, एवढंच सांगितलं.

तुमच्या भावाची बायको,
तेपाएरू