भिरूड, पाखरू आणि दारचा आंबा

३ सप्टेंबर, टिटवाळा
कुसुम, चष्मा शोधू नकोस, तुझ्या कपाळावरच आहे. आई अजून टिटवाळ्यातच राहते, एवढं आठवत असेल तर पुढे वाच. सांगते मी, लिहिते तुझी भाची तन्वी. बापाला ती नुसतं ‘वि.’ लिहिणार म्हणे. विलासला तेवढं पुरे.
दारच्या आंब्याला भिरूड लागलाय, लाकूड पोखरणारा भुंगा. खोडाला भोक, खाली भुसा. वि. म्हणतो, "पोकळ झालंय गं आई, पत्र्यावर पडेल. तोडूया." तुझ्या बाबांनी लावलेलं झाड...

५ सप्टें.
वि.ने भोकात सिमेंट भरलं, बाथरूमच्या फरशीचं उरलेलं. "अरे, खोड आहे ते, मोरी नव्हे."
आज वीतभर वर नवं भोक! काय दात त्या भिरुडाच्या अळीचे. आणि मला शेंगदाणा चावत नाही.
वि. चिडला. रविवारी झाड तोडणारा येणार.

८ सप्टें.
खालच्या फांदीला कोष, कैरीएवढा, पानात गुंडाळलेला. तन्वीने मोबाइलवर बघितलं. यातून पतंगाचं मोठं पाखरू निघतं, त्याला खायला तोंडच नाही. सगळं खाणं अळी असतानाच उरकलेलं. तन्वीला म्हटलं, तुझ्या बापाला अशीच बायको शोधत होते मी. सूनबाई आतून, "ऐकलं हं!"
वि.ला विचारलं, "बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का रे?" त्याने फोन करून झाड तोडणाऱ्याला सांगितलं, पाखरू उडेपर्यंत थांब.

१७ सप्टें.
निघालं! तांबूस, माझ्या दोन तळव्यांएवढं, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी. वि. बघत उभा, कामाला उशीर.
भिरूड वर्षभर अंधारात खातो, पाखरू चार दिवस उपाशी मिरवतं. तन्वीला पाखरू आवडलं. मला... भिरूडच थोडा जास्त. सिमेंटलाही हरला नाही मेला.

२० सप्टें.
पाखरू गेलं. मुदत संपली.
सकाळी मी तारेला आकडा करून भोकात घातला. अळी आली, बोटाएवढी, पांढरी, गुबगुबीत. मारायला जीव होईना, साळुंकीने उचलली. भोकात पेट्रोलचा बोळा, वर शेणमाती. पेट्रोल वि.नेच गाडीतून काढून दिलं, न मागता. आत अजून किती, कोण जाणे. "रविवारी बघू," एवढंच म्हणाला.
कुसुम, याच झाडाच्या कैरीचं लोणचं तुझ्याकडे आहे. विसरली असशील, फ्रिजवर मागे बघ. बरणी रविवारच्या आत पाठव, वि.च्या ताटात वाढायचंय.