कमानीचे पैसे आणि मागचं दार

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगं टेकली असं समजावं.) तुमची तब्येत ठणठणीत असणार. परवा फोनवर, कमान अजून का बांधली नाही म्हणून तुम्ही मला दम न घेता झापलंत. ज्याच्या छातीत एवढा जोर आहे त्याला खोकला झालाय असं सांगणारा डॉक्टर बदलावा हे बरं. इकडे सगळे मजेत. तुमच्या भाचेसुनेची धरलेली पाठ सुटली, आता तिनं माझी धरली आहे. पत्राला तसं खास कारण नाही. मुख्य म्हणजे मी पैसे मागायला लिहीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

आमची संस्था तुम्हाला ठाऊकच आहे. आजारी माणसांना चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, पलंग असलं सामान फुकट वापरायला द्यायचं, आणि गरज संपली की परत आणायचं. मी तिचा खजिनदार झालो, हे मात्र कळवायचं राहिलं. जन्मभर पोरांना डोंगरामागून उगवणारा सूर्य काढायला शिकवणाऱ्या ड्रॉइंग मास्तरला खजिनदार कुणी केलं, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं, सभेत अध्यक्षांनी विचारलं की कुलूप लागणारं कपाट कुणाकडे आहे? मी भोळेपणानं हात वर केला आणि टाळ्या झाल्या. (त्या कपाटाची किल्ली केव्हाच हरवली आहे. ते कुलूपबंदच असतं, तेव्हा मी खोटं बोललो असं काही नाही.)

खजिनदाराला पैसे नसल्याची काळजी असते असा माझा समज होता. पासबुक उघडलं तर चांगली रक्कम! मी घरी येऊन हिला म्हटलंसुद्धा, की आपण श्रीमंत संस्थेत पडलोय. दुसऱ्या दिवशी ऑडिटर आले आणि त्यांनी माझ्या फुग्याला टाचणी लावली. देणाऱ्यानं पैसा ज्या कामासाठी दिला असेल त्याच कामाला तो लावायचा, दुसरीकडे हात लावायचा नाही. म्हणजे नव्या खुर्च्या घ्यायला पैसे आहेत, पण जुन्या खुर्चीच्या चाकाला ट्यूब घ्यायला नाहीत. गाद्या घ्यायला आहेत, त्या ठेवतो त्या खोलीच्या भाड्याला नाहीत. आणि सगळ्यात मोठी रक्कम, मामा, तुमची. मामीच्या स्मरणार्थ पुढच्या दाराशी दगडी कमान. आता आम्ही पडलो भाडेकरू. घरमालकाकडे गेलो, तर कमानीखालच्या जागेचं वेगळं भाडं पडेल म्हणाले. तेव्हापासून ती रक्कम बँकेत पाय पसरून झोपली आहे. कमान अर्धी का होईना पण गोल, आणि चाकही गोल, तर निदान दोन ट्यूब त्यातून बसतील का, असं मी ऑडिटरांना विचारून पाहिलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.

खरी अडचण आमच्या दुरुस्तीवाल्या बाईंची आहे. त्यांना सगळे खुर्च्यांची डॉक्टरीण म्हणतात. लोक खुर्ची नेतात ती माणसासाठी, पण परत येते तेव्हा तिनं काय काय वाहिलं असेल सांगता येत नाही. (एका खुर्चीच्या फटींतून सिमेंट निघालं. एकीला पुढं टोपली बांधलेली होती आणि टोपलीत कांदे होते.) अशा मोडक्या खुर्च्या बाई पुन्हा उभ्या करतात, वर नेणाऱ्याला ब्रेक कसा लावायचा हे दटावून शिकवतात. त्यांचा पगार एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी देत होते. ते यंदा गेले आणि त्यांच्या मुलानं पगाराऐवजी आणखी खुर्च्या पाठवल्या, कारण खुर्चीवर वडिलांचं नाव घालता येतं आणि बाईंवर घालता येत नाही. पुढच्या महिन्यापासून पगाराला दमडी नाही. पलंग बनवणाऱ्या एका कारखान्यानं बाईंना बोलावलं आहे. त्या गेल्या की महिन्या-दोन महिन्यांत आमच्या खोलीचं भंगारचं दुकान होणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मी बाईंना हे भीत भीत सांगितलं. त्या पान्याला तेल लावत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, महिनाअखेरीपर्यंत काय ते सांगा. म्हणजे तिकडं नाही म्हणायला मला बरं."

मामा, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

मग अध्यक्षांनी एका मोठ्या कंपनीकडे अर्ज केला. अर्जात एक प्रश्न होता, की व्यवस्थापनावर किती खर्च होतो? अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवत लिहिलं, शून्य. (बाईंचा पगारही व्यवस्थापनातच मोडतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.) कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं. ज्या संस्थेत व्यवस्थापनावर काहीच खर्च होत नाही तिथे व्यवस्था तरी काय असणार, तेव्हा क्षमस्व. अध्यक्ष तेव्हापासून मिशीला हात लावत नाहीत.

पण मी काही हात टेकले नाहीत. मला वाटलं, लोकांना पाटीच हवी ना? मग पाट्या रंगवण्यात आपण कुणाला हार जाणार नाही. मी खर्चांच्याच पाट्या काढल्या. आमच्या शिंप्यानं वडिलांच्या नावानं एका महिन्याचं वीजबिल दिलं आणि मी मीटरवर झकास अक्षरांत तसं लिहिलं. एका जावयानं सासूबाईंच्या स्मरणार्थ वर्षाचं फोनबिल भरलं. (का, ते विचारू नका. पाटी बघून त्याची बायकोसुद्धा हसली.) मग न्हावी आला, त्यानं आजोबांच्या नावानं पंक्चरची सोय केली. भाडंही दोघातिघांनी वाटून घेतलं. ऑडिटर एवढे खूश झाले, की त्यांनी आपली फी स्वतःच्या आईच्या नावानं सोडून दिली. लोक वाईट नसतात हो मामा, त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. फक्त बाईंच्या पगाराएवढी मोठी पाटी घ्यायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. बघू, काही ना काही होईलच.

असो. खोकल्याचं औषध वेळेवर घ्या, आणि झापायचं झाल्यास सकाळी झापा, संध्याकाळी माझं रक्त वर चढतं. लहानांना आशीर्वाद आणि थोरांत तुम्हीच उरलात, तेव्हा तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमचा,
भाचा (आणि खजिनदार)

ता. क. पैसे मागत नाही म्हणालो ते खरंच आहे, कारण मागायचे ते तुम्ही आधीच दिलेत. त्यांना फक्त कमानीतून मोकळं करा. सोबत कार्ड आहे. "कमानीची रक्कम दुरुस्तीवाल्या बाईंच्या पगाराला वापरावी" एवढं लिहून सही केलीत की पुरे, असं ऑडिटरांनी सांगितलंय. दोन वर्षं निघतील, तोवर माझ्या पाट्यांचा जम बसेल. कार्डावरचं तिकीट माझ्या खिशातलं आहे. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणा आणि तिकीट सोडवून परत पाठवा.

आणखी ता. क. एक गोष्ट फोनवर बोलायचा धीर झाला नाही. आमच्या पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. खुर्चीवाला एकही माणूस तिथून येत नाही, सगळे मागच्या दारानं येतात, जिथे बाई बसतात. मामी तिच्या शेवटच्या वर्षी ब्रेक बघून घ्यायला खुर्चीत बसून तिथूनच यायची. आणि तुमच्या घरात तरी ती कधी पुढून आली? म्हणायची, "पुढचं दार पाहुण्यांना. मी कुठं पाहुणी आहे?" कमान बांधली असती तर ती वळसा घालून मागूनच आली असती, मामा.

शेवटचा ता. क. मागच्या दारासाठी पाटी मी रंगवून ठेवली आहे. (घाई केली, पण रंग वाळायला वेळ लागतो.) कडी वाजली की मामी आतून जे ओरडायची तेच लिहिलंय, "दार उघडंच आहे, या." नाव घातलेलं नाही. खाली जागा सोडली आहे, ते तुम्ही येऊन तुमच्या हातानं घाला. ब्रश मी धुऊन ठेवतो.