वनजेचे एकशे अडुसष्ट

म्हैसूर, ता. ३ जून १९१२

चि. सौ. गोदावरीस अंबाजीदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू माझ्या वनजेला सुचवलेल्या मुलाची माहिती पोचली. पाँडिचेरीच्या कचेरीत नोकरी, माणूस सालस, सगळं ठीक. पण उंची एक मीटर पासष्ट सेंटिमीटर? मीटर म्हणजे फ्रेंचांचा वारच की! तीन फुटांनी हिशेब केला, तर तू सुचवलेले नागोजीराव पाच फुटांतही भरत नाहीत. आमच्या रिसाल्यात त्यांना घोड्यावर चढवायला दोन माणसं लागली असती. आपली वनजा पाच फूट तीन इंच. तीन स्थळं उंचीपायी परत गेली, म्हणून आता ठेंगणा गळ्यात बांधतेस होय? नकार कळव.

तब्येतीस जप. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर आणखी स्थळं धाडशील.

तुझा दादा


पाँडिचेरी, ता. १० जून

ती. अंबाजीदादांस गोदावरीचा शि. सा. न. वि. वि.

दादा, काय हा हिशेब! मीटर वारापेक्षा सव्वातीन इंचांहून थोडा जास्तच मोठा. एका इंचात अडीच सेंटिमीटर नि वर चिमूटभर. म्हणजे मुलगा पाच फूट पाच इंच. तुम्ही बसल्याजागी त्याची अर्धी वीत कापलीत. सोबत शिंप्याची फीत पाठवते. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. चष्मा लावून बघा, मग नकार द्या.

वहिनींना नमस्कार. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची गोदी


म्हैसूर, ता. १८ जून

ती. सौ. आत्यास वनजेचा सा. न. वि. वि.

फीत आल्यापासून बाबा खुशीत आहेत. गाय मोजली, तुळशीवृंदावन मोजलं, शेजारच्या नरसिंहमूर्तींचं पोटसुद्धा मोजलं. मुलगा माझ्यापेक्षा दोन इंच उंच म्हणून होकारही ठरवला. मला मात्र मोजलं नाही.

मीच भिंतीशी उभी राहिले. अय्यो आत्या, मी पाच फूट सहा इंच आहे! एक मीटर अडुसष्ट. बाबा सुम्मने, उगाचच, तीन इंच गिळतात. बघायला कुणी आलं की आई हळूच सांगते, वाक जरा. मागच्या खेपेस आठ दिवस मान आखडली होती. हे स्थळ मला मनापासून हवं आहे, पण जन्मभर वाकून चालायचं नाही. त्यांना खरा आकडा सांग. गेले तर जाऊ देत.

बाबांना यातलं कळवू नकोस. माझ्यावर चिडली असलीस तरी लोभ असू दे.

तुझी वनजा


पाँडिचेरी, ता. २६ जून

चि. वनजेस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र नागोजीरावांना वाचून दाखवलं. आधी पोट धरून हसले, मग ताडकन उठले. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. तर त्यांनी जोडे काढले, भिंतीशी उभे राहिले आणि मोजा म्हणाले. एक मीटर बासष्ट! कचेरीतल्या दाखल्यासाठी जोड्यांसकट मोजलं होतं आणि त्यांच्या आईनं तेच पुढे रेटलं. दोन्ही घरच्या मोठ्यांनी मिळून साडेदहा सेंटिमीटरची थाप मारली बघ!

म्हणजे तू सहा सेंटिमीटर उंच. दादांना खरे आकडे मी आज वेगळ्या पत्रात लिहिले आहेत. तुझं नाव नाही घेतलं, सारं फितीवर ढकललं. फडताळाच्या वरच्या फळीवरचं आता कोण काढणार ते ठरलं, असं नागोजीराव म्हणतात. आणि एक निरोप त्यांनी दोनदा सांगितला. अंतरपाटामागे ते दोन पाट पायाखाली घेऊन उभे राहतील. तुला म्हणावं, वाकू नको.

तुझी आत्या