बिया अजून कडू आहेत

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारायला हवं, पण तिकडे तुम्ही दोन घास खाऊन ताटावरून उठता असं दादाने (तुमच्याच मुलाने, ज्याच्याकडे तुम्ही राहायला गेलात) कळवल्यामुळे विचारत नाही. माझी बरी आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होती.

इथलं, तुमच्या घराच्या मागच्या दारचं झाड बारा महिने हिरवं ते हिरवंच. मामी गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही, यंदाही फळांनी लगडलं आहे. गर गोड आहे, तो मी खातो. पण तुम्हाला हव्यात बिया, मामी करायची तशा. त्या आल्या तर जेवेन असं तुम्ही दादाला म्हणालात, म्हणून मी कामाला लागलो. सालं काढली, भिजत घातल्या, पाणी बदलून बदलून उकळल्या. बी कच्ची राहिली तर कडू लागते आणि पोट बिघडवते (जास्त उकळली तर लगदा होतो, तो मी भिंतीच्या भेगेत भरला, छान बसला). म्हणून आधी एक चाखायची, थांबायचं, मग बाकीच्या वाढायच्या, असा मामीचा नियम. मी चाखली आणि खबरदारी म्हणून दवाखान्यात जाऊन बसलो. कंपाउंडरने विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, अजून काही नाही. "मग आलास कशाला?" म्हटलं, झालं तर धावपळ नको. त्याने मला खोकणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. संध्याकाळी घरी आलो तर पोट ठणठणीत, बिया आंबलेल्या आणि मला खोकला. पुढच्या खेपेलाही तेच. चष्म्याच्या दुकानातले आमचे मालक म्हणतात, "सारखी रजा? बिया शिजवतोयस की बाळंतपण काढतोयस?"

शेवटी शेजारच्या काकूंना विचारलं, मामी चाखून किती वेळ थांबायची. त्या म्हणाल्या, "ती कुठली चाखतेय? पहिली बी तुझ्या मामाच्या हातावर ठेवायची. त्याने तोंड वाकडं केलं की पुन्हा पाणी बदलायची. दुसरी मागितली की झाल्या."

हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. असो. बिया आता उत्तम झाल्या आहेत, काळजी नसावी. उद्या पार्सल करतो.

तुमचा भाचा

ता. क. पार्सल करत नाही. झाल्यात की नाही, मला खरंच कळत नाही.

आणखी एक. या घरात तुमच्याने पाय ठेववत नाही, असं दादा म्हणतो. माझंही स्वयंपाकघरात फारसं बरं चाललेलं नाही. तरी तुम्ही या. पातेलं उतरवू की नको, तेवढं सांगा आणि हवं तर लगेच परत जा.